जप्ती की होल्ड? गोठलेल्या खात्यांमागची गोष्ट

ओटीपी, फसवी लिंक, 'बँकेतून बोलतोय' हे सगळ्यांना पाठ आहे. म्हणून इथे ऑनलाइन फसवणुकीनंतर काय होते ते पाहू.

सायबर गुन्ह्यांसाठीचा मूळ कायदा, म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० सालचा. तेव्हा तपास उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याला करता येत नसे. २००९ मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीने तो निरीक्षकाकडे आला.

मोबाइलने केलेला सगळ्यात मोठा घात खानदेशाने पाहिला तो पैशाचा नव्हता. १ जुलै २०१८, साक्री तालुक्यातले राईनपाडा, आठवडे बाजाराचा दिवस. मुले पळवणारी टोळी फिरतेय, या मोबाइलवरून पसरलेल्या अफवेपायी भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपचा मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा भारतात आली. पाच जीव गेल्यावर.

पैशाचे प्रकरण नोटाबंदीनंतर वाढले. क्यूआर कोड पानटपरीपर्यंत गेला, २०१९ मध्ये तक्रारीचे राष्ट्रीय पोर्टल आले, २०२१ मध्ये हेल्पलाइन. तिचाच नंबर आता १९३०. फोन लवकर लागला तर पैसा वाटेतच अडवता येतो, आणि ही सोय खरोखर कामाची आहे.

घोळ आहे तो 'होल्ड' या शब्दात, म्हणजे बँकेने खात्यातला पैसा अडवून ठेवण्यात. फसवणुकीचा पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात पळतो. समजा, चौथ्या हाताने त्यातून सावद्याच्या व्यापाऱ्याकडून केळी घेतली. व्यापाऱ्याने माल दिला, बिल फाडले. पण तक्रार परराज्यातली, आणि खाते गोठते याचे. वादातली रक्कम काही हजारांची असली तरी कधी कधी अख्खे खातेच बंद होते. मग मजुरी द्यायची कशातून?

आपल्याकडे जप्ती म्हटले की पंचनामा आला, सही आली. होल्डमध्ये कळते ते पेमेंट अडकल्यावरच. जुन्या फौजदारी संहितेच्या कलम १०२ मध्ये शब्द होता जप्तीचा. बँक खाते हीसुद्धा त्या कलमाखालची मालमत्ताच, असा निवाडा १९९९ मध्ये देशाच्या सर्वोच्च पीठाने दिला आणि रस्ता मोकळा झाला. जप्तीची खबर तातडीने दंडाधिकाऱ्याला द्यायची, ही अट त्याच कलमात होती. ती मात्र फारशी कुणाला आठवत नाही. २०२३ मध्ये दक्षिणेतल्या एका उच्च न्यायालयाने वादातल्या रकमेपुरतेच खाते अडवा, असे बजावले.

भाड्याने खाते देणारी पोरे आहेत, नाही असे नाही. चार पैशांसाठी पासबुक आणि एटीएम कार्ड दुसऱ्याच्या हाती देतात. पण त्यांना आणि बिल दाखवणाऱ्याला एकाच तागडीत कसे तोलायचे?

१ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली, १०२ चे १०६ झाले, जप्ती हा शब्द तोच राहिला. शेजारचे कलम १०७ गुन्ह्यातून आलेल्या मालमत्तेवर टाच आणायला न्यायालयाचा आदेश मागते. होल्ड यातल्या कोणत्या कलमात बसतो, यावर न्यायालयांत वाद झडले आहेत.