शरीरालाही न कळणारं विष

पुण्यात थंडीचा कडाका वाढला की बाथरूमच्या खिडक्या गच्च बंद होतात, गॅस गीझर बराच वेळ चालू राहतो, आणि मग कुठल्यातरी फ्लॅटमध्ये अंघोळीला गेलेलं माणूस बाहेर येत नाही. बातमी वाचून लोक विचारतात, ‘वास कसा नाही आला?’

मुळात सिलिंडरमधल्या प्रोपेन-ब्युटेनलाही जाणवेल असा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन मुद्दाम मिसळतात. १९३७ साली टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत बिनवासाचा नैसर्गिक वायू साठून स्फोट झाला, सुमारे ३०० जण गेले, त्यांत बहुतेक मुलं. त्यानंतर गॅसमध्ये वास मिसळण्याची सक्ती आली. पण गीझरमध्ये गॅस जळतो, त्याबरोबर मरकॅप्टनही जळतं. बंद खोलीत ज्योतीला ऑक्सिजन कमी पडला की ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही.

हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. हवेच्या हजार भागांत एक भाग मोनॉक्साइड असला, तरी काही तासांत जवळपास निम्मं हिमोग्लोबिन अडकतं. ॲनिमियामुळे हिमोग्लोबिन निम्म्यावर आलेलं माणूस चालतं-फिरतं, मग इथे माणूस का कोसळतो? हिमोग्लोबिनच्या रेणूत ऑक्सिजनसाठी चार जागा असतात. त्यांतली एखादी मोनॉक्साइडने बळकावली की रेणूचा आकार बदलतो आणि उरलेल्या जागांवरचा ऑक्सिजनही तो सोडेनासा होतो. रक्तात ऑक्सिजन असतो, पण तो मेंदूच्या पेशींना मिळत नाही.

मग जीव घुसमटत का नाही? कारण घुसमट जाणवते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यावर, आणि तो तर उच्छ्वासातून नीट बाहेर पडत असतो. मानेतल्या धमनीजवळ तांदळाच्या दाण्याएवढा एक संवेदक अवयव आहे. तो रक्तात विरघळलेल्या ऑक्सिजनचा दाब मोजतो, हिमोग्लोबिनवर किती ऑक्सिजन आहे ते नाही. तो दाब जवळजवळ नेहमीएवढाच राहतो, त्यामुळे धोक्याची सूचना जातच नाही. डोकं दुखतं, गरगरतं, पायांतलं बळ जातं, आणि दार उघडावं हे ज्या मेंदूला सुचायचं तोच मंदावलेला असतो.

विहिरीत एकामागोमाग उतरलेली माणसं दगावली की ‘विहीर बळी मागते’ असं अजूनही बोललं जातं. तिथेही मारेकरी साठलेला वायूच असतो, आणि ही अंधश्रद्धा पुढच्या माणसाचाही जीव घेते.

अज्ञानात सुख असतं, हे काही बाबतींत मलाही पटतं. डीएनए-संशोधक जेम्स वॉटसन यांनी स्वतःचा पूर्ण जीनोम, म्हणजे शरीराचा सगळा जनुकीय आराखडा, जाहीर होऊ दिला, पण अल्झायमरच्या जोखमीशी निगडित एपीओई जनुकाची माहिती स्वतःलाही नको म्हणून सांगितलं. हातात उपाय नसताना ते समजण्यासारखं आहे. गीझरच्या बाबतीत उपाय साधा आहे. तो बाथरूमबाहेर, हवेशीर ड्राय बाल्कनीत बसवावा, धूर बाहेर जाईल अशी वाट ठेवावी.

आणि अंघोळीत गरगरलं तर आधी गीझर बंद करून मोकळ्या हवेत यावं आणि लगेच दवाखाना गाठावा. साध्या हवेत रक्तातला मोनॉक्साइड निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तास. तिथे गेल्यावर गॅस गीझर चालू होता हे आधी सांगा, कारण बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर मोनॉक्साइडलाच ऑक्सिजन समजतो आणि आकडा चांगला दाखवतो.