डोमेन-नावांची फेरविक्री आणि नवी एक्स्टेंशन्स (खान्देशच्या संदर्भात)

इंटरनेटवरच्या पत्त्याला डोमेन म्हणतात आणि त्या पत्त्यात शेवटच्या टिंबानंतर येणाऱ्या तुकड्याला एक्स्टेंशन : डॉट कॉम, डॉट इन, डॉट शॉप, डॉट भारत. एखादे नाव एका एक्स्टेंशनमध्ये कोणी नोंदवले, की तेच नाव तिथे दुसऱ्याला मिळत नाही. हवेच असेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून विकत घ्यावे लागते. या व्यवहाराला डोमेनची फेरविक्री म्हणतात. २०१३ नंतर बाराशेहून अधिक नवी एक्स्टेंशन्स बाजारात आली. त्यांनी फेरविक्रीचे गणित कसे बदलले, आणि जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या दुकानदाराला, व्यापाऱ्याला, किंवा चार नावे घेऊन ठेवणाऱ्या तरुणाला त्यातून काय मिळते, हा या नोंदीचा विषय.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगितली पाहिजे. डोमेन ‘विकत घेतले’ असे आपण म्हणतो, पण ते कायमचे कोणाचेच होत नाही. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांपुरती नोंदणी होते आणि मुदत संपली की पुन्हा पैसे भरावे लागतात. पुढचे सगळे हिशेब याच्यावर उभे आहेत.

डॉट कॉम, डॉट ऑर्ग, डॉट नेट ही जुनी पिढी १९८५ सालची. सिम्बॉलिक्स डॉट कॉम हे पहिले डॉट कॉम नाव १५ मार्च १९८५ रोजी नोंदले गेले. भारताचे डॉट इन १९८९ मध्ये तयार झाले, पण सर्वांना मोकळेपणाने मिळू लागले ते २००५ पासून. जगभरातल्या नावांची व्यवस्था पाहणारी आयकॅन ही संस्था १९९८ मध्ये स्थापन झाली. तिने २००० च्या सुमारास डॉट इन्फो, डॉट बिझ अशी थोडी भर घातली. दार खऱ्या अर्थाने उघडले ते जानेवारी २०१२ मध्ये. एका एक्स्टेंशनच्या अर्जाला १,८५,००० डॉलर शुल्क होते, तरी १,९३० अर्ज आले. त्यांतले ३०७ एकट्या डोनट्स या कंपनीशी संबंधित. पहिली चार नवी एक्स्टेंशन्स २३ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू झाली आणि ती चारही इंग्रजी लिपीबाहेरची होती : अरबी, चिनी आणि दोन सिरिलिक, म्हणजे रशियन लिपीतली. पुढे डॉट शॉप चालवण्याच्या हक्कासाठी जपानच्या जीएमओ रजिस्ट्रीने २०१६ च्या लिलावात ४ कोटी १५ लाख डॉलर मोजले, तर त्याच वर्षी डॉट वेबची बोली १३ कोटी ५० लाख डॉलरवर गेली.

खान्देशातल्या माणसाला हा प्रकार जागेच्या भाषेत लवकर कळतो. डॉट कॉम म्हणजे जळगावच्या फुले मार्केटमधला किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवरचा गाळा : जागा संपलेली, गिऱ्हाइकाच्या पायाखालची वाट, आणि सोडायचा म्हटला तर घसघशीत पगडी मागणारा मालक. नवे एक्स्टेंशन म्हणजे गावाबाहेर नुकताच पडलेला लेआउट. प्लॉट मुबलक, मनासारखा नंबर मिळतो, सुरुवातीचा दरही कमी. इथपर्यंत उपमा चपखल बसते. पुढे दोन ठिकाणी ती तुटते आणि फेरविक्री करणारे नेमके तिथेच फसतात.

पहिली गोष्ट अशी, की चांगल्या लेआउटमधले कोपऱ्याचे प्लॉट मालकानेच राखून ठेवलेले असतात. डॉट कॉममध्ये प्रत्येक नावाचा घाऊक दर एकच असतो. सप्टेंबर २०२४ मध्ये तो वर्षाला १०.२६ डॉलर झाला आणि किती वाढवायचा यावर अमेरिकी सरकारशी झालेल्या कराराची मर्यादा आहे. ‘गोल्ड’सारखा शब्द असो की चार निरर्थक अक्षरे, वार्षिक खर्च तोच. त्यामुळे नावाची किंमत वाढली तर ती वाढ धारकाच्या खिशात जाते. नव्या एक्स्टेंशन्समध्ये हे उलटे झाले. रजिस्ट्रीने, म्हणजे ते एक्स्टेंशन चालवणाऱ्या कंपनीने, सोन्यासारखे शब्द ‘प्रीमियम’ म्हणून आधीच बाजूला काढले आणि त्यांना वेगळा दर लावला. अनेक नावांना हा वाढीव दर दरवर्षी भरावा लागतो. अशा नावाचा पुढचा खरेदीदार किमतीबरोबर ते वर्षासन डोक्यावर घेतो, म्हणून तो धारकाला कमीच देतो. पूर्वी जो नफा दलाल आणि साठवणाऱ्याकडे जायचा, तो नव्या व्यवस्थेत बराचसा मुळातच कापला जातो. माझ्या मते नव्या एक्स्टेंशन्सनी फेरविक्रीत घडवलेला हा सर्वांत मोठा बदल आहे, आणि नवख्यांना सर्वांत कमी सांगितला जाणाराही.

शिवाय या रजिस्ट्रींवर दराची कमाल मर्यादा नाही. नूतनीकरणाचा दर वाढवण्याआधी १८० दिवसांची सूचना द्यावी लागते आणि त्या मुदतीत जुन्या दराने दहा वर्षांपर्यंतचे पैसे भरून ठेवता येतात, एवढेच संरक्षण. २०१७ मध्ये युनिरजिस्ट्री या कंपनीने आपल्या काही एक्स्टेंशन्सचे दर अनेक पटींनी वाढवत असल्याचे जाहीर केले, तेव्हा नावे साठवून बसलेल्यांमध्ये खळबळ उडाली.

दुसरी गोष्ट वर्षासनाचीच. प्लॉट एकदा घेतला की पडून राहिला तरी फारसे खात नाही. डोमेन मात्र दरवर्षी खाते. समजा, भुसावळच्या एका तरुणाने शंभर डॉट कॉम नावे घेतली आणि प्रत्येकी १,२०० रुपये नूतनीकरणाला लागले. वर्षाचे झाले १,२०,००० रुपये. शंभरातली दोन नावे प्रत्येकी ७५,००० ला गेली, तर दीड लाख हाती येतात आणि तीस हजार उरतात. आता तोच तरुण ‘पहिल्या वर्षी फक्त २०० रुपये’ या जाहिरातीला भुलून नव्या एक्स्टेंशनमध्ये शंभर नावे घेतो. पहिल्या वर्षी खर्च वीस हजार. हात हलका वाटतो. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण प्रत्येकी ३,००० रुपये निघते आणि बिल होते तीन लाखांचे. तेवढ्याच दोन नावांना तेवढाच भाव मिळाला, तरी दीड लाखाची खोट बसते. आकडे उदाहरणाचे आहेत, पण पहिले वर्ष स्वस्त आणि दुसरे महाग, ही रचना खरी आहे. नाव घेण्याआधी दुसऱ्या वर्षाचा दर पाहिला पाहिजे. हे कळकळीने सांगावेसे वाटते, कारण या भागातल्या मुलांनी पहिल्या पगाराचे पैसे अशा नावांत अडकवलेले असतात.

नव्या एक्स्टेंशन्सचा पूर आला की डॉट कॉमचे भाव पडतील, अशी अनेकांची अटकळ होती. तसे झाले नाही. व्हॉइस डॉट कॉम २०१९ मध्ये ३ कोटी डॉलरला गेले. चॅट डॉट कॉम २०२३ मध्ये १ कोटी ५५ लाखांना. तुलनेसाठी एक जोडी फार बोलकी आहे. व्हेकेशनरेंटल्स डॉट कॉम हे नाव २००७ मध्ये ३ कोटी ५० लाख डॉलरला विकले गेले होते. टिंबाची जागा बदलून व्हेकेशन डॉट रेंटल्स असे झालेले नवे नाव २०१८ मध्ये गेले ५,००,३०० डॉलरला. नव्या एक्स्टेंशन्समधल्या जाहीर व्यवहारांत ही वरच्या रांगेतली किंमत. शब्द तेच दोन, काळ अकरा वर्षांनी पुढचा, आणि भाव सत्तराव्या हिश्श्याचा.

याचे कारण लोकांच्या जिभेवर आहे. समजा, रावेरचा केळीचा व्यापारी फोनवर पत्ता सांगतो आहे : “भाऊ, साइटचं नाव घ्या लिहून. रावेर केळी डॉट शॉप.” पलीकडून प्रश्न येतो, “डॉट शॉप डॉट कॉम ना?” व्यापारी म्हणतो, “नाही, नुसतं डॉट शॉप.” पलीकडचा हो म्हणतो आणि लिहिताना शेवटी डॉट कॉम लावतोच. त्याची ऑर्डरची मेल मग भलतीकडेच जाते, किंवा कुठेच जात नाही. मोठ्या कंपन्याही यातून सुटल्या नाहीत. ओव्हरस्टॉक या अमेरिकी कंपनीने २०१० मध्ये ओ डॉट को हे नाव साडेतीन लाख डॉलरला घेऊन त्याची जोरदार जाहिरात केली. पुष्कळ लोक ओ डॉट कॉम टाइप करत राहिले, जे नाव कोणाला दिलेलेच नव्हते. कंपनीला जुन्या नावाकडे वळावे लागले. म्हणून नव्या एक्स्टेंशनवर धंदा वाढवणारा माणूस पुढे कधीतरी त्याच नावाच्या डॉट कॉमचा गिऱ्हाईक होतो. नव्या लेआउटने जुन्या बाजारपेठेचा भाव असा टिकवून धरला.

अपवाद आहेत. गूगलची मूळ कंपनी अल्फाबेटने २०१५ मध्ये एबीसी डॉट एक्सवायझेड हा पत्ता घेतला आणि त्या एक्स्टेंशनला वजन आले. डॉट एआयला आज जोरदार मागणी आहे, पण ते या नव्या पिढीतले नाही. आपल्या डॉट इनसारखे ते अँग्विला या छोट्या कॅरिबियन बेटाचे एक्स्टेंशन आहे. अगदी स्वस्त एक्स्टेंशन्स फसव्या मेलवाल्यांच्या हाती पडल्याने काहींवरून आलेली मेल सरळ स्पॅममध्ये जाते, हेही किमतीत उतरते.

खान्देशाच्या दृष्टीने सगळ्यांत जिव्हाळ्याचे एक्स्टेंशन म्हणजे डॉट भारत. देवनागरीतले हे एक्स्टेंशन ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झाले. रोमन लिपीत आपल्या नावांचे फार हाल होतात. खान्देश लिहिताना शेवटी एक अक्षर की दोन, मधे ‘ई’ की ‘ईआय’. धुळ्याला ब्रिटिश कागदपत्रांत ‘धुलिया’ म्हणत. केळी या शब्दाचीच तीन स्पेलिंगे सहज होतात. फेरविक्री करणाऱ्याला यातले नेमके कोणते लोक टाइप करतील, याचा अंदाज बांधावा लागतो. देवनागरीत हा प्रश्न सुटेल असे वाटले होते. पुष्कळसा सुटलाही, पण पुरता नाही. आपणच ‘खान्देश’ लिहितो आणि ‘खानदेश’ही लिहितो. ‘जळगाव’वर कोणी अनुस्वार देतो. केळीच्या व्यापारासाठी बऱ्हाणपूर, खंडव्याकडचा जो माणूस जळगावचा पत्ता शोधतो, त्याच्या हिंदी सवयीत ळ नाही, तो ‘जलगांव’ लिहितो. म्हणजे एका गावासाठी तीन नावे राखावी लागतात. भरीला, यंत्राच्या आत देवनागरी नाव रोमन अक्षरांच्या एका सांकेतिक रूपात बदलते आणि काही ठिकाणी वाचणाऱ्याला तेच अगम्य रूप दिसते. देवनागरी पत्त्याची मेल अनेक सेवांना अजून नीट पेलत नाही. डॉट भारतचा फेरविक्री बाजार उभा राहिला नाही, त्याचे कारण यात आहे : नाव विकले जाते ते वापरले जाते म्हणून. ज्या दिवशी यावलचा शेतकरी मोबाइलवर बोलून देवनागरी पत्ता उघडेल, त्या दिवशी चित्र वेगळे असेल. अहिराणी आणि लेवा बोलीतल्या शब्दांवर तर देशभरच्या दलालांची नजरच नाही. अहिराणी गाण्यांचे चॅनल चालवणाऱ्याला किंवा शेवभाजीचा मसाला विकणाऱ्या बचत गटाला ठसकेबाज, छोटे बोलीतले नाव नोंदणीच्या साध्या दरात मिळण्याची शक्यता म्हणूनच जास्त आहे.

काही एक्स्टेंशन्स तर फेरविक्रीला जागाच ठेवत नाहीत. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इन या पत्त्यावर जायला सांगितले. खान्देशातल्या नागरी सहकारी बँकाही त्यात आल्या. हे नाव फक्त बँकेलाच मिळते, म्हणून त्याचा सट्टा होऊ शकत नाही. मात्र मागे राहिलेले जुने डॉट कॉम किंवा डॉट इन नाव बँकेने सोडून देऊ नये. ते भलत्याच्या हाती पडले, तर जुन्या ठेवीदाराला फसवायला त्याहून सोपे साधन नाही.

दुसऱ्याच्या नावावर बसून पैसे मागणे हा व्यापार नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवे प्रकरणात डोमेन-नावाला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते, असे स्पष्ट केले. डॉट कॉमसारख्या नावांचे वाद युडीआरपी या १९९९ च्या धोरणाखाली, तर डॉट इनचे आयएनडीआरपी या तशाच भारतीय धोरणाखाली चालतात. नव्या एक्स्टेंशन्सना सुरुवातीला नोंदणीकृत व्यापारचिन्हांच्या धारकांसाठी राखीव मुदत द्यावी लागते. जळगावची केळी आणि जळगावचे भरताचे वांगे यांना भौगोलिक मानांकन आहे, पण युडीआरपी व्यापारचिन्हापुरतीच आहे. म्हणून उत्पादक संघांनी अशी नावे वाद होण्याआधी स्वतःच नोंदवून ठेवलेली बरी.

आयकॅनच्या पुढच्या फेरीचे अर्ज एप्रिल २०२६ पासून, शुल्क २,२७,००० डॉलर, म्हणजे सुमारे दोन कोटी रुपये. एक्स्टेंशन्स आणखी वाढणार.

खान्देशातले नाव फेरविक्रीच्या बाजारात पोचते ते बहुतेक वेळा विक्रीतून नाही, तर विसरण्यातून. साइट बनवून देणाऱ्या मुलाने नाव स्वतःच्या मेलवर नोंदवलेले असते. दोन वर्षांनी तो नोकरीसाठी पुण्याला जातो, मुदतीच्या सूचना त्याच्या जुन्या मेलवर येत राहतात आणि दुकानात कोणाला पत्ता नसतो. डॉट कॉमसारखे नाव रद्द झाल्यावर ३० दिवस दंड भरून परत मिळू शकते. त्यानंतरचे पाच दिवस ते कोणालाच मिळत नाही, मग मोकळे होते, आणि अशा नावांवर टपलेल्या यंत्रणा ते काही सेकंदांत उचलतात. दुकानाच्या पाटीवर, बिलावर, पिशवीवर छापलेले नाव मग मूळ मालकाला परक्याकडून विकत घ्यावे लागते. नोंदणी दुकानाच्या नावाने आणि दुकानाच्याच मेलवर असली, आणि मुदतीची तारीख चोपडीत लिहिलेली असली, तर ही वेळ येत नाही.