कागद, काच, पत्रा आणि त्यानंतर आलेले प्लॅस्टिक : कचरा वेगळा करण्यामागचा इतिहास

सगळा कचरा एकाच बादलीत टाकायची सवय तशी अलीकडची. तीन-चार पिढ्यांपूर्वीच्या मराठी घरात खरकटे गुरांपुढे जाई, शेण आणि केर उकिरड्यावर पडे आणि पावसाळ्याआधी उकिरडा शेतात जाई. फाटक्या लुगड्याची गोधडी होई, बऱ्या कपड्यांवर बोहारीण भांडे देई. रद्दी वाण्याकडे पुड्या बांधायला जाई आणि डबे-बाटल्या भंगारवाल्याकडे. कोणती वस्तू कुठे जायची हे घरातच ठरे आणि ती दुसऱ्या वस्तूत मिसळण्याआधी ठरे. आज वर्गीकरण म्हणून जे शिकवावे लागते ते इतकेच आहे.

शहरांत हा क्रम मोडला तो आरोग्याच्या भीतीने. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि कचरा लवकरात लवकर वस्तीपासून लांब नेणे हेच नगरपालिकांचे मुख्य काम झाले. भीती खरी होती, पण त्या घाईत सगळे एकाच गाडीत भरले गेले. 1927 पासून मुंबईचा कचरा देवनारला पडू लागला. त्याच मैदानावर 2016 च्या जानेवारीत लागलेल्या आगीचा धूर शहरभर पसरला. कुजणारा माल हवेशिवाय दाबला गेला की त्यातून मिथेन हा पेट घेणारा वायू निघतो. ढिगात आत आग धुमसत राहते आणि वरून पाणी मारून ती विझत नाही.

कुजणाऱ्या कचऱ्याचे काय करायचे हे मात्र तेव्हाही माहीत होते. 1924 ते 1931 या काळात इंदूरच्या संशोधन केंद्रात कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी कंपोस्टची पद्धत बसवली. ती पुढे इंदूर पद्धत म्हणून जगभर गेली. उथळ खड्ड्यात काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख, मग पुन्हा काडीकचरा. पंधरवड्याने पहिली पलटी, महिन्याने दुसरी, दोन महिन्यांनी तिसरी, आणि सुमारे तीन महिन्यांत खत तयार. पलटीमागचे कारण साधे आहे : कुजवणाऱ्या जिवाणूंना हवा लागते. पाठोपाठ 1939 मध्ये बंगळूर पद्धत आली. तिच्यात शहरातला केरकचरा आणि मैला चरात थराथरांनी भरून वरून मातीने लिंपत. पलटी नाही, मजुरी कमी, पण वेळ जास्त.

दोन्ही पद्धतींत खड्ड्यात काय जाते ते माहीत असे. 1970 च्या दशकात केंद्र सरकारच्या मदतीने मोठ्या शहरांत यांत्रिक कंपोस्ट प्रकल्प उभे राहिले, तेव्हा नेमके हेच सुटले. मिसळलेला कचरा यंत्रात भरला, खत निघाले, पण त्यात काचेचे तुकडे, प्लॅस्टिकच्या चिंध्या आणि बॅटरीतले जड धातू होते. असे खत शेतकऱ्याने का घ्यावे? जाळण्याचाही प्रयोग झाला. दिल्लीत तिमारपूरला 1987 मध्ये दिवसाला 300 टन कचरा जाळून वीज करायचा प्रकल्प उभारला. आपला कचरा ओला आणि मातीचा, त्यातून लागेल तेवढी उष्णताच निघेना. प्रकल्प थोड्याच दिवसांत बंद पडला. यंत्रे बाहेरून आणता आली, त्यांना लागणारा सुका, निवडलेला माल कुणी आणून देणार नव्हते.

निवडण्याचे काम तोवर कचराकुंडीवर होत होते, आणि ते करत होत्या बहुतांशी दलित समाजातल्या बाया. 1990 च्या सुमारास पुण्यात एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून कार्यकर्त्या त्यांच्यापर्यंत पोहोचल्या. तिथून पुढे आलेली मागणी व्यवहाराची होती : कुंडीत हात घालण्याऐवजी दारातच निवडलेला माल मिळू दे. मे 1993 मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने पुण्यात परिषद भरली, शेकडो कचरावेचक जमले आणि 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. संघटनेने दिलेल्या ओळखपत्रांवर पुढे महापालिकेची मोहोर आली. चोर समजून हाकलल्या जाणाऱ्या बाईला सोसायटीच्या फाटकातून आत जाता येऊ लागले ते या कार्डामुळे. 2008 मध्ये 'स्वच्छ' या त्यांच्याच सहकारी संस्थेचा महापालिकेशी करार झाला आणि घरोघरी जाऊन कचरा गोळा करणे हे त्यांचे रीतसर काम ठरले.

कायदाही साधारण याच सुमारास जागा झाला. पर्यावरण कार्यकर्त्या अल्मित्रा पटेल यांनी 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, त्यातून 2000 सालचे घनकचरा नियम आले. प्रक्रिया प्रकल्प उभारायला शहरांना 31 डिसेंबर 2003 ची मुदत होती. बहुतेकांनी ती पाळली नाही. 2016 च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरातच वेगळे करणे बंधनकारक केले आणि कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी नगरपालिकांवर टाकली. दिवसाला 100 किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्याला मोठा उत्पादक ठरवले. त्याने ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवायचा.

आवारातले हे खत बिघडते ते बहुतेक वेळा पाण्याने. स्वयंपाकघरातला ओला कचरा एकटाच टाकला तर दोन दिवसांत आंबूस वास येतो, कारण त्यात नत्र आणि पाणी जास्त, कार्बन कमी. कार्बन-नत्राचे प्रमाण सुमारे 30 ला 1 हवे, म्हणून प्रत्येक थरावर वाळका पाला किंवा लाकडाचा भुसा टाकायचा. मूठभर माल घट्ट पिळून पाहावा : एखादा थेंब आला तर ओल ठीक, धार लागली तर भुसा घाला, मूठ उघडताच माल सुटला तर पाणी शिंपडा. ढीग चांगला तापला, 55 अंशांच्या वर गेला, तर रोगजंतू आणि तणाचे बी मरते. न तापलेल्या ढिगाचे खत कुंडीत घातले की टोमॅटोची रोपे उगवतात, ती याचीच खूण.

पंचायतीच्या नावात कागद आहे, काच आहे, पत्रा आहे. प्लॅस्टिक नाही. आज मात्र सुक्या कचऱ्यात सर्वांत किचकट तेच आहे. पाण्याची एक बाटली घ्या. बाटली पेट (पीईटी) नावाच्या प्लॅस्टिकची, झाकण दुसऱ्या प्लॅस्टिकचे, वरचे वेष्टन काही वेळा पीव्हीसी या तिसऱ्याच प्लॅस्टिकचे. तुकडे करून पाण्याच्या हौदात टाकले की झाकणाचे तुकडे तरंगतात, पेट बुडते. इथवर सोपे. पण पीव्हीसीही बुडते, दोघांची घनता जवळजवळ सारखी. ते पेटबरोबर वितळवायला गेले तर पेट वितळण्याच्या आतच पीव्हीसी फुटून आम्ल सोडते आणि सगळा घाणा पिवळा, ठिसूळ होतो. म्हणून वेष्टन हाताने, तुकडे करण्याआधीच काढावे लागते. माल ओला राहिला तरी वितळताना पाणी पेटच्या साखळ्या तोडते. काचेचीही तीच गत : बाटल्यांच्या काचेत उष्णतारोधक भांड्याची काच गेली तर ती भट्टीत त्याच तापमानाला वितळत नाही, नव्या बाटलीत खडे राहतात आणि बाटली तिथेच तडकते. पुठ्ठ्यावर आमटी सांडली तर तेल तंतूंतून निघत नाही.

सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्यासारख्या सुमारे 12 हजार वस्तीच्या गावाने निवडण्याचे हे काम लहान प्रमाणावर करून दाखवले. रामदास कोकरे नगरपरिषदेचे मुख्याधिकारी असताना तिथे सुका कचरा वीसहून अधिक प्रकारांत निवडला जाऊ लागला, ओल्यापासून बायोगॅस निघू लागला आणि कचरा डेपोची जागा लोक पाहायला येऊ लागले. प्लॅस्टिकचा चुरा रस्त्याच्या डांबरीकरणात गेला. या रस्त्यांत खडी सुमारे 165 अंशांपर्यंत तापवून आधी तिच्यावर स्वच्छ, कोरडा चुरा टाकतात. तो वितळून खडीवर पातळ थर धरतो, मग डांबर. चुऱ्याचे प्रमाण डांबराच्या वजनाच्या 6 ते 8 टक्के. इथेही पीव्हीसी चालत नाही, तापल्यावर त्यातून विषारी वायू निघतो.

वेफरच्या पाकिटाला बाटलीची वाट लागू होत नाही. त्यात प्लॅस्टिकचे थर आणि धातूचा पातळ लेप असे चिकटलेले असतात की ते हाताने सुटत नाहीत आणि हौदातही वेगळे होत नाहीत. भंगारवाला ते घेत नाही, म्हणून वेचकही उचलत नाहीत. जमा झालीच तर ही पाकिटे बहुधा दाबून, गठ्ठे बांधून सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातात, आणि त्याआधी गठ्ठ्यात पीव्हीसी नाही ना हे पुन्हा कुणाला तरी हातानेच पाहावे लागते.