छायालेखन, मराठी चित्रपटातील

छायालेखन, मराठी चित्रपटातील : हलती दृश्ये फितीवर (अलीकडे डिजिटल संवेदकावर) नोंदवण्याची कला व तंत्र. श्रेयनामावलींत ‘छायालेखन’, ‘छायाचित्रण’ व ‘छायांकन’ असे तिन्ही शब्द आढळतात. प्रस्तुत नोंदीत पहिला वापरला आहे. येथे मुख्यत्वे मूकपटांचा व आरंभीच्या बोलपटांचा काळ विचारात घेतला आहे. त्या काळात फितीला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतचे बरेचसे काम चित्रपट करणाऱ्यांनाच हाताने करावे लागे, त्यामुळे तंत्राची घडण तेथे स्पष्ट दिसते.

चित्रपटाचे फ्रेंच आद्यप्रवर्तक ल्युमिएर बंधू यांच्या चित्रफिती मुंबईत वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी दाखवण्यात आल्या. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा हे मुंबईत छायाचित्रणाचा व्यवसाय करीत. त्यांनी लंडनहून कॅमेरा मागवला आणि हँगिंग गार्डन येथे मुद्दाम भरवलेल्या कुस्तीचे चित्रण केले. या चित्रणाची तारीख वादग्रस्त आहे. काही लेखक १८९७ देतात, काही १८९९. सावेदादांची पुढची ज्ञात कामे १८९९ नंतरची आहेत, हे पाहता दुसरे वर्ष अधिक संभवनीय वाटते. डिसेंबर १९०१ मध्ये रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजहून परतले. त्यांच्या स्वागताचे सावेदादांनी केलेले चित्रण भारतीय वार्तापटाचा आरंभ मानतात.

दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. तो पहिला भारतीय कथापट मानावा की नाही, हा वाद जुना आहे. मात्र छायालेखनाच्या दृष्टीने त्यात फारसे विवाद्य नाही. ते मुख्यतः रंगभूमीवरील नाटकाचे चित्रण होते, कॅमेरा चालवणारा युरोपीय होता आणि फीत धुण्यासाठी लंडनला पाठवण्यात आली. प्रेक्षकाची खुर्ची हीच कॅमेऱ्याची जागा, ही कल्पना त्यात अद्याप सुटलेली नव्हती.

दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन बनावटीचा कॅमेरा, भोके पाडण्याचे यंत्र आणि फीत धुण्याची व छापण्याची साधने घेऊन आले. त्या वेळी कच्ची फीत कडेला भोके न पाडताच विकली जाई. ती अंधारखोलीत मोजून भोकावी लागे आणि अंतर किंचित चुकले तरी पडद्यावरचे चित्र थरथरे. हे काम सरस्वतीबाई फाळके यांनी केले. छायालेखनाच्या इतिहासात त्यांचे नाव तांत्रिक सहकारी म्हणून यायला हवे. ‘फाळके यांना साथ देणारी पत्नी’ एवढाच त्यांचा उल्लेख करून थांबणे अपुरे आहे. नव्या कॅमेऱ्याची पहिली कसोटी म्हणून फाळके यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ ठरावीक वेळाने एकेक चौकट (फ्रेम) घेऊन टिपली. कालसंक्षेपी (टाइम-लॅप्स) चित्रणाचा हा भारतातील सर्वांत जुना ज्ञात प्रयोग होय.

फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (३ मे १९१३) या चित्रपटाचे छायालेखन त्र्यंबक तेलंग यांनी केले. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यात हँडलच्या एका फेऱ्याला आठ चौकटी सरकत आणि सेकंदाला दोन फेरे, म्हणजे १६ चौकटी, हे सर्वसाधारण प्रमाण होते. चित्रपटाची लांबी सुमारे ३,७०० फूट नोंदलेली आहे. ३५ मिमी. फितीच्या एका फुटात १६ चौकटी असल्याने १६ च्या गतीने तो सुमारे ६२ मिनिटे चालेल, बोलपटांच्या २४ च्या गतीने सुमारे ४१ मिनिटे. अनेक ग्रंथांत आढळणारा ‘चाळीस मिनिटांचा’ हा उल्लेख दुसऱ्या गणितातून आलेला दिसतो. मूळ प्रेक्षकांनी तो अधिक वेळ पाहिला असावा. उपलब्ध रिळे १९१३ ची नसून १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची आहेत, असे काही अभ्यासकांचे मत आहे व त्याकडे आता कल वाढला आहे. त्यामुळे या रिळांतील चौकटींवरून १९१३ च्या तंत्राविषयी निष्कर्ष काढताना सावधगिरी बाळगावी लागते.

फाळके यांच्या चमत्कारदृश्यांची मूळ तंत्रे दोन होती. पहिल्यात कॅमेरा मध्येच थांबवून पात्र हलवत व पुन्हा हँडल फिरवत, त्यामुळे देव अकस्मात प्रकट होई. दुसऱ्यात फीत मागे गुंडाळून तिच्यावर दुसऱ्यांदा चित्रण करीत. दुसऱ्या तंत्रासाठी काळी पार्श्वभूमी आणि फेऱ्यांची बिनचूक मोजणी लागे. फ्रान्समध्ये चित्रपटकार जॉर्ज मेलिएस यांनी ही तंत्रे आधीच वापरली होती. फाळके यांचे वेगळेपण असे, की प्रेक्षकांना तोंडपाठ असलेल्या पुराणकथेत त्यांनी ती बसवली, आणि जादूच्या खेळाला दर्शनाचे रूप आले.

बाबूराव पेंटर यांचा कॅमेरा : कोल्हापूरचे आनंदराव व बाबूराव मेस्त्री (पेंटर) हे चुलतभाऊ नाटकांचे पडदे रंगवीत. फाळके यांचे चित्रपट पाहून त्यांनी स्वतःचा कॅमेरा घडवण्याचे ठरवले. आनंदराव १९१६ मध्ये वारले. पुढे विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने बाबूरावांनी तो साधारणतः १९१८ मध्ये पुरा केला. ‘पहिला स्वदेशी कॅमेरा’ हे त्याचे रूढ वर्णन आहे. त्याचा अर्थ कसा घ्यावा याविषयी मतभेद आहेत. सर्व भाग कोल्हापुरातच घडवले असा एक पक्ष आहे; भिंगासारखे भाग आयात केलेलेच असणार असा दुसरा. भिंगे घासण्याचा उद्योग त्या काळी तेथे नव्हता, हे ध्यानात घेता दुसरा पक्ष ग्राह्य वाटतो. त्याने या कामाचे मोल कमी होत नाही. फीत क्षणभर थांबवून पुढे ओढणारी अधूनमधून चालणारी गती साधणे हे कॅमेऱ्याचे हृदय होय, आणि चित्रकारांच्या या गटाने ते समजून घेतले.

बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या ‘सैरंध्री’ (१९२०) पासून हा चित्रकाराचा डोळा पडद्यावर उतरला. दृश्यांची रेखाटने आधी काढणे, सपाट पडद्यांऐवजी घनाकार नेपथ्य उभारणे आणि रंगीत काचा लावून छटा साधणे या गोष्टींचे श्रेय बाबूरावांना दिले जाते. ‘सिंहगड’ (१९२३) मधील रात्रीच्या लढाईसाठी त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला व भारतात तो प्रथमच, असे मानतात. तोपर्यंतची रीत अशी होती : उघड्या अंगणात नेपथ्य उभारायचे, डोक्यावर पांढरे कापड ताणून ऊन मऊ करायचे आणि परावर्तक फळ्यांनी सावल्या भरून काढायच्या. त्या वेळच्या ऑर्थोक्रोमॅटिक फितीला लाल रंग जवळजवळ दिसत नसे. त्यामुळे ओठांची लाली काळी उमटे, तर निळे आकाश पांढरेफटक. सर्व रंगांना प्रतिसाद देणारी पँक्रोमॅटिक फीत १९२० च्या दशकाअखेर सर्वत्र रूढ झाली. तिने रंगभूषा बदलली, तसेच अंधारखोलीतला लाल दिवाही घालवला. या कंपनीचे बहुतेक मूकपट नष्ट झाले आहेत, ही मराठी चित्रपटाची भरून न येणारी हानी होय.

ध्वनी आल्यावर (‘आलम आरा’, १९३१, ‘अयोध्येचा राजा’, १९३२) कॅमेरा काही काळ जखडला गेला. त्याच्या मोटारीचा आवाज ध्वनिमुद्रणात येई म्हणून त्याला बंदिस्त करावे लागे. आर्क दिव्यांचा (विद्युत्‌ठिणगीच्या प्रखर दिव्यांचा) गुणगुणाटही अडचणीचा ठरला व तंतुदीपांचा (तार तापून उजळणाऱ्या दिव्यांचा) वापर वाढला. प्रभात फिल्म कंपनीने हे बंधन लवकर सैल केले. ‘अमृतमंथन’ (१९३४) मध्ये केशवराव धायबर यांनी राजगुरूच्या (चंद्रमोहन) डोळ्याचे अतिसमीपदृश्य (एक्स्ट्रीम क्लोजअप) दूरदर्शी (टेलिफोटो) भिंगाने टिपले. व्ही. अवधूत यांनी ‘संत तुकाराम’ (१९३६) व ‘कुंकू’ (१९३७) चित्रित केले. पहिल्यात वैकुंठगमनासारखी चमत्कारदृश्ये आहेत, पण चित्रपटाचा मोठा भाग साध्या, स्थिर प्रकाशात आहे. म्हणूनच चमत्कार विश्वसनीय वाटतो. दुसऱ्यात वयस्क पती काकासाहेब यांची घालमेल आरशातील प्रतिबिंबांनी दाखवली आहे. रंगाचा प्रयत्न प्रभातच्या ‘सैरंध्री’ (१९३३) या बोलपटात झाला. त्याच्या प्रती जर्मनीत छापल्या, परंतु परिणाम समाधानकारक झाला नाही.

स्वातंत्र्योत्तर काळातील मोठे बदल मराठीबाहेर घडले. बंगाली छायालेखक सुब्रत मित्र यांनी सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’ (१९५६) साठी बनारसच्या घराचे अंगण स्टुडिओत उभारल्यावर वर कापड ताणून त्यावरून दिवे परावर्तित केले आणि सावलीरहित आकाशप्रकाश साधला. अंगणात कापड ताणण्याच्या मूकपटकालीन रीतीशी याचे नाते सांगता येते, फरक इतकाच की तेथे ऊन मऊ करायचे होते, येथे ते नव्याने निर्माण करायचे होते. व्ही. के. मूर्ती यांनी ‘कागज के फूल’ (१९५९) या पहिल्या भारतीय सिनेमास्कोप (रुंद पडद्याच्या) चित्रपटात आरशांनी उन्हाचा झोत स्टुडिओत आणला. दादासाहेब फाळके पुरस्कार मिळालेले ते पहिले छायालेखक होत. प्रभातच्या पुण्यातील आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाल्यावर छायालेखनाचे पद्धतशीर शिक्षण मिळू लागले. डिजिटल कॅमेऱ्याच्या काळातील उल्लेखनीय मराठी कामांत ‘किल्ला’ (छायालेखन : अविनाश अरुण), ‘कोर्ट’ (मृणाल देसाई) आणि ‘सैराट’ (सुधाकर रेड्डी यक्कंटी) यांचा समावेश होतो.