वहीतली पत: धनकोची गुप्त नोंद ऋणकोच्या हाती कशी आली

१८४० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये एक कचेरी होती. वर्गणीदार घाऊक व्यापारी तिथे येत आणि आपल्याकडे उधारीवर माल मागणाऱ्या दूरच्या एखाद्या दुकानदाराचे नाव सांगत. कारकून जाडजूड वही उघडून त्या दुकानदाराविषयीची नोंद वाचून दाखवी. माणूस कसा आहे, पितो का, घरचे कसे आहेत, देणी फेडतो का, असे सगळे त्यात असे. आपल्याविषयी काय लिहिले आहे, हे कळण्याची सोय मात्र त्या दुकानदाराला नव्हती.

आजच्या क्रेडिट रिपोर्टची ही आजी. पत कशी सुधारावी याच्या याद्या आज हव्या तितक्या मिळतात. हप्ता वेळेवर भरा, कार्डाची मर्यादा संपवू नका, अहवाल तपासा. यातला प्रत्येक नियम कुठून आला हे समजले, की खरा कोणता आणि ऐकीव कोणता हेही ओळखता येते. मला या इतिहासाचे महत्त्व वाटते ते त्यासाठी.

मराठीत पत म्हणजे लौकिक आणि पत म्हणजे उधार मिळण्याची ताकदही. दीर्घकाळ या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. बेंजामिन फ्रँकलिनने १७४८ मध्ये तरुण व्यावसायिकाला सल्ला दिला होता. पहाटे पाचला किंवा रात्री नऊला तुझ्या हातोडीचा आवाज धनकोच्या कानी पडला, तर तो आणखी सहा महिने निर्धास्त राहील. पण कामाच्या वेळी तू बिलियर्डच्या टेबलापाशी दिसलास किंवा गुत्त्यातून तुझा आवाज आला, तर दुसऱ्याच दिवशी त्याचा माणूस वसुलीला येईल. या सल्ल्यात गृहीत धरलेली गोष्ट अशी, की देणारा आणि घेणारा एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर राहतात.

शहरे वाढली, व्यापार लांबवर गेला आणि हातोडीचा आवाज ऐकू येईनासा झाला. १८०३ मध्ये लंडनच्या शिंप्यांनी एकत्र येऊन, शिवणावळ बुडवणाऱ्या गिऱ्हाइकांची नावे एकमेकांना कळवायला सुरुवात केली. १८२६ मध्ये मँचेस्टरमध्ये अशाच कामासाठी एक संस्था उभी राहिली आणि देणी थकवणाऱ्यांची माहिती देणारे पत्रक काढू लागली. या याद्या होत्या फक्त बुडव्यांच्या. जो वेळच्या वेळी पैसे देई, त्याच्या नावाला तिथे जागाच नव्हती. ही उणीव काही देशांत फार उशिरापर्यंत टिकली. ऑस्ट्रेलियात २०१४ पर्यंत नोंद होई ती मुख्यतः चुकांची. नियमित फेडीची गणना त्यानंतर सुरू झाली.

पहिल्या परिच्छेदातली कचेरी ल्युइस टॅपनची. टॅपन रेशमाचा व्यापारी आणि गुलामगिरीचा कट्टर विरोधक होता. १८३७ च्या मंदीत उधारीवर दिलेला माल अंगाशी आला आणि भावासोबतची पेढी बुडाली. त्या तडाख्यातून शिकून त्याने १८४१ मध्ये ‘मर्कंटाइल एजन्सी’ काढली. गावोगावचे वकील तिचे वार्ताहर. तरुण वकील अब्राहम लिंकननेही अशा वार्ताहराचे काम केले होते. या संस्थेच्या अडीच हजारांहून अधिक वह्या आज हार्वर्डच्या ग्रंथालयात जपून ठेवल्या आहेत. १९३३ मध्ये ती आपल्या प्रतिस्पर्धी संस्थेशी एकत्र झाली आणि पुढे ‘डन अँड ब्रॅडस्ट्रीट’ म्हणून ओळखली जाऊ लागली.

अर्थात, वहीत उतरलेली प्रत्येक गोष्ट खरी नसे. बायको घटस्फोट मागणार आहे, अशी नोंद ओहायोतल्या एका व्यापाऱ्याविषयी झाली. त्याने बदनामीचा दावा लावला आणि १८५१ मध्ये ज्यूरीने त्याच्या बाजूने कौल दिला. त्या खटल्यात टॅपनचा भागीदार वार्ताहरांची नावे सांगायला तयार झाला नाही, म्हणून त्याला तुरुंगात जावे लागले. आपल्याविषयी कोणी काय लिहिले हे कळायला त्या व्यापाऱ्याला कोर्टाची पायरी चढावी लागली. पुढची सुमारे एकशेवीस वर्षे सामान्य ऋणकोची स्थिती याहून फारशी चांगली नव्हती.

व्यापाऱ्यांमागोमाग साध्या गिऱ्हाइकांचीही नोंद होऊ लागली. १८९९ मध्ये केटर आणि गाय वूलफर्ड या भावांनी अटलांटात ‘रिटेल क्रेडिट कंपनी’ काढली. घरोघरी आणि दुकानोदुकानी फिरून ते माहिती गोळा करत, ती पुस्तकात छापत आणि दुकानदारांना विकत. नावापुढे शेरा असे: ‘वेळेवर देतो’, ‘सावकाश देतो’, ‘रोखीनेच द्यावे’. आज स्कोअरमध्ये, म्हणजे पत मोजणाऱ्या आकड्यात, सर्वांत वजनदार असलेला घटक, म्हणजे परतफेडीचा इतिहास, या तीन शेऱ्यांपेक्षा मुळात फारसा वेगळा नाही. ही कंपनी १९७५ पासून ‘इक्विफॅक्स’ नावाने ओळखली जाते.

बर्लिनमध्ये जे घडले ते मला या सगळ्यात सर्वांत शहाणपणाचे वाटते. तिथल्या वीज कंपनीला विजेची उपकरणे हप्त्यांवर विकायची होती. कोणाला द्यावीत? कंपनीकडे उत्तर आधीपासून होते. जो विजेचे बिल नियमित भरतो, तो हप्ताही भरेल. या साध्या निरीक्षणातून १९२७ मध्ये ‘शूफा’ ही संस्था जन्माला आली आणि जर्मनीत आजही माणसाची पत किती याची चौकशी प्रामुख्याने तिच्याकडेच होते. इथे शेजाऱ्यांच्या कुजबुजीऐवजी माणसाचे स्वतःचे वर्तन साक्षीला आले.

वर्तनाला आकडा देण्याचे काम संख्याशास्त्राने केले. १९४१ मध्ये अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड ड्युरँड याने फेडलेल्या आणि बुडालेल्या कर्जांची प्रकरणे समोरासमोर ठेवून, दोन्हींत फरक कशाने पडतो ते शोधले. १९५६ मध्ये अभियंता बिल फेअर आणि गणिती अर्ल आयझॅक यांनी प्रत्येकी ४०० डॉलर घालून एक छोटी कंपनी सुरू केली. कर्ज द्यावे की नाही हे गणिताने ठरवण्याची पद्धत आम्ही बसवून देतो, असे पत्र त्यांनी ५० मोठ्या वित्तसंस्थांना पाठवले. उत्तर आले एकाच संस्थेकडून. तिच्यासाठी १९५८ मध्ये पहिली गुणपद्धती तयार झाली.

पण गणितापाशी पोहोचणारी माहिती अजून जुन्याच वळणाची होती. ‘ट्रान्सयुनियन’ या अमेरिकी कंपनीने १९६९ मध्ये शिकागो परिसरातली पतनोंदणी संस्था घेतली, तेव्हा तिच्याकडे सात खणांच्या ४०० कपाटांत ३६ लाख कार्डे होती. ही कार्डे आता संगणकात जाऊ लागली, आणि माणसाविषयीची कानगोष्ट एका गावापुरती न उरता देशभर क्षणात पोहोचण्याची शक्यता निर्माण झाली. तेव्हा लोक खडबडून जागे झाले. १९६८ पासून अमेरिकी संसदेत सुनावण्या झाल्या. दारूचे व्यसन, संसारातले तंटे, घराची टापटीप असल्या गोष्टी फायलींत असतात आणि खुद्द त्या माणसाला त्या पाहता येत नाहीत, हे उघड झाले. सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांनी विषय लावून धरला आणि १९७० मध्ये ‘फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट’ मंजूर झाला. आपल्या फायलीत काय आहे ते जाणून घेण्याचा, चूक असल्यास आव्हान देण्याचा आणि बहुतेक प्रतिकूल नोंदी ७ वर्षांनी गळून पडण्याचा हक्क त्याने दिला. ब्रिटनमध्ये १९७४ च्या कायद्याने किरकोळ शुल्कात स्वतःची फाइल मागवता येऊ लागली. भारतात पतमाहिती कंपन्यांसाठीचा कायदा २००५ चा.

१९७४ मध्येच अमेरिकेत आणखी एक कायदा आला. तोवर स्वतः कमावणाऱ्या बाईलाही कर्जासाठी नवऱ्याची सही आणायला सांगत. लिंग आणि वैवाहिक स्थिती पाहून कर्ज नाकारण्यास या कायद्याने बंदी घातली. १९७६ मध्ये त्यात वंश, धर्म, वय यांचीही भर पडली. पत म्हणजे काय याची व्याख्या ‘तू कोण आहेस’ यापासून सुटून ‘तू काय केलेस’ याकडे वळली ती या वर्षांत, आणि ती आपसूक वळली नाही, माणसांनी भांडून वळवली. गणितात जुने भेदभाव मागच्या दाराने शिरतात का, हा वाद आजही चालू आहे, आणि तो चालू राहायला हवा.

फेअर आणि आयझॅक यांच्या कंपनीचा, सर्व धनकोंना चालेल असा एकच ‘फायको’ स्कोअर १९८९ मध्ये आला. त्याची पट्टी ३०० ते ८५०. १९९५ पासून अमेरिकेत गृहकर्जासाठी तो जवळपास सक्तीसारखाच झाला. घटकांचे त्याच कंपनीने सांगितलेले ढोबळ वजन असे: परतफेडीचा इतिहास ३५ टक्के, एकूण देणी व वापरलेली उधारी ३० टक्के, इतिहासाची लांबी १५ टक्के, नवी कर्जे आणि कर्जांचे प्रकार प्रत्येकी १० टक्के. इतर देशांतले स्कोअर वेगळ्या पट्टीवर असतात, पण पाया हाच.

या आकड्याने नेमका फरक किती पडतो? स्कोअर चांगला असेल, तर सहसा व्याजदर कमी लागतो. २० वर्षांच्या कर्जावर ८ टक्के दर असेल, तर दर १०० मुद्दलामागे एकूण व्याज सुमारे १०१ जाते. दर ९ असेल, तर सुमारे ११६. कर्ज तेच, मुदत तीच, फक्त एका टक्क्याचा फरक. आणि चांगली नोंद असलेला माणूस दर कमी करून मागू शकतो, दुसरा सावकार शोधू शकतो. ज्याची नोंद बिघडलेली आहे त्याला मिळेल ते घ्यावे लागते. अडचणीच्या वेळी हे जास्त जाचते, कारण कर्जाची गरज तेव्हाच असते.

आता सुधारण्याकडे वळू. इतिहास पाहिला तर क्रम आपोआप लागतो. पहिला तोच वूलफर्ड बंधूंचा शेरा: वेळेवर देतो. एक चुकलेला हप्ता वर्षानुवर्षे दिसत राहतो, म्हणून निदान किमान रक्कम तरी खात्यातून आपोआप जाईल अशी सोय करून ठेवावी. मात्र किमान रकमेने फक्त शेरा वाचतो, व्याज चढतच राहते. हप्ता जमणारच नाही असे दिसू लागले, तर तारीख उलटण्याआधी देणाऱ्याशी बोलावे. मुदत वाढवून घेणे आणि ‘तडजोडीने मिटवले’ असा शेरा नोंदीत पडणे, यांत मोठा फरक आहे. अर्ध्या रकमेत प्रकरण मिटल्याचा आनंद होतो आणि पुढच्या अर्जाच्या वेळी तोच शेरा आडवा येतो.

दुसरे, कार्डाची मर्यादा. कोणी मर्यादेच्या टोकाशी सतत जगत असेल, तर तो ओढाताणीत आहे असे धनकोला वाटते. ३० टक्क्यांच्या आत राहा असे सांगतात. ही कायद्याने घातलेली रेघ नव्हे, जितके कमी तितके बरे. एक बारीक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. बहुतेक वेळा बिल तयार होण्याच्या दिवशीची शिल्लक पुढे कळवली जाते. म्हणून बिलाची वाट न पाहता त्याआधीच काही रक्कम भरली, तर नोंदीतला वापर लगेच खाली दिसतो. जुने कार्ड विनाकारण बंद करू नये, कारण एकूण मर्यादा कमी होते आणि वापराचा टक्का वाढतो. थोड्या दिवसांत चार ठिकाणी अर्ज केले, तर तेही नोंदले जातात. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने मात्र स्कोअर उतरत नाही. ही भीती निराधार आहे, आणि तिच्यापायी किती लोक आपली वही उघडतच नाहीत याचे मला वाईट वाटते.

जामीन राहणे हेही आपल्याच नोंदीत येऊ शकते. मित्रासाठी सही करताना ते कर्ज आपलेच आहे असे समजून करावी.

आणि चुका. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१३ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात, पाचातल्या एका ग्राहकाच्या निदान एका अहवालात चूक आढळली. सुमारे ५ टक्क्यांच्या बाबतीत ती इतकी गंभीर होती, की त्यांना कर्ज महाग पडू शकले असते. नावात साम्य असलेल्या दुसऱ्याचे कर्ज, फेडून झालेले पण उघडेच दिसणारे खाते, कधी न घेतलेले कार्ड, असे प्रकार असतात. वर्षातून एकदा तरी अहवाल मागवून ओळ न् ओळ वाचावी. चूक दिसली तर फेडीची पावती किंवा ना-देय दाखला जोडून लेखी हरकत घ्यावी, नोंदणी संस्थेकडेही आणि मूळ कर्ज देणाऱ्याकडेही. पैसे घेऊन नोंद धुऊन देण्याचे आश्वासन देणाऱ्यांपासून दूर राहावे. खरी नोंद कोणालाच पुसता येत नाही आणि खोटी पुसून घ्यायला मध्यस्थ लागत नाही. असल्या कंपन्यांनी आगाऊ पैसे घेऊ नयेत, असा कायदाच अमेरिकेला १९९६ मध्ये करावा लागला.

ज्याने कधी कर्जच घेतले नाही त्याचा प्रश्न उरतो. त्याच्याविषयी वाईट काही नाही, पण चांगलेही काही लिहिलेले नाही, आणि कोऱ्या पानावर धनको विश्वास ठेवायला बिचकतो. अशा माणसाने ठेवीच्या तारणावर मिळणारे छोटे कार्ड घ्यावे, महिन्याला थोडीच खरेदी करावी आणि पूर्ण बिल भरत जावे. काही महिन्यांत पान भरू लागते. अलीकडे काही देशांत घरभाडे, फोन आणि विजेची बिले नियमित भरल्याची नोंदही, संमती दिल्यास, पतमापनात धरली जाऊ लागली आहे. बर्लिनच्या वीज कंपनीने १९२७ मध्ये हेच केले होते.