रोड बाइकचा वेग आणि वेगाचा भास

डांबरी रस्त्यावर वेगाने चालवण्यासाठी घडवलेल्या, खाली वळलेल्या हँडलबारच्या हलक्या सायकलीला रोड बाइक म्हणतात. अशा दोन सायकली घ्या. वजन सारखे, गिअर सारखे, चालवणारा माणूसही एकच. तरी एक आपणहून पळते आणि दुसरी ओढावी लागते, असा अनुभव बहुतेक सायकलस्वारांना कधी ना कधी येतो. तो मनाचा खेळ म्हणून सोडून देण्यासारखा नाही. मात्र त्यात दोन गोष्टींची सरमिसळ असते : तेवढ्याच जोरात प्रत्यक्ष किती अंतर कापले गेले, आणि हातापायांना व कानांना वेग किती वाटला. या दोहोंची कारणे वेगळी आहेत आणि पुष्कळदा ती एकमेकांच्या उलट काम करतात. सायकलीवर ओतलेला बराच पैसा वाया जातो तो ही सरमिसळ न उलगडल्यामुळे.

जोर कुठे जातो

सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना स्वाराचा जोर मुख्यतः दोन ठिकाणी खर्च होतो : हवा बाजूला सारण्यात आणि टायर दबण्यात. चेन, गिअर, बेअरिंग यांचा वाटा त्यामानाने लहान. चढ लागला की गुरुत्वाकर्षण पुढे येते आणि बाकी सगळ्यांना मागे टाकते.

हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून त्यावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. टायरचा रोध मात्र वेग वाढला तरी जवळपास तेवढाच राहतो, म्हणून त्याला लागणारी शक्ती नुसती वेगाच्या प्रमाणात वाढते. तो ठरतो वजनावर आणि टायरच्या प्रतीवर. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो, हात ब्रेकच्या मुठींवर, टायर मध्यम प्रतीचे आणि वारा पडलेला, असे धरून हिशोब मांडला तर ताशी २० किमीला साधारण ५५ वॅट लागतात. त्यांतले ३३ हवेचे, २२ टायरचे. ताशी ३० किमीला एकूण १४४ : हवेचे १११, टायरचे ३३. ताशी ३६ किमीला २३१, आणि त्यांतले १९२ एकट्या हवेचे. वेग २० वरून ३६ वर जाताना दुप्पटही होत नाही, पण शक्ती चौपटीहून जास्त मोजावी लागते. म्हणूनच ‘जास्त वेगवान सायकल कोणती’ या प्रश्नाला, किती वेगाने जायचे ते सांगितल्याशिवाय उत्तर देता येत नाही. रमतगमत जाणाऱ्याच्या मेहनतीतला मोठा हिस्सा टायर खातात. जोरात जाणाऱ्याचा सगळा झगडा वाऱ्याशी असतो.

हवा आणि बसण्याची ढब

वाऱ्याला अडवते ते मुख्यतः स्वाराचे शरीर. एकूण रोधात सायकलीचा वाटा साधारण चौथा हिस्सा, कधी त्याहूनही कमी. फ्रेमच्या नळ्यांच्या आकाराची चर्चा तासन्‌तास होते, पण त्या नळ्यांवर बसलेल्या माणसाचे खांदे, डोके आणि मांड्या यांच्यापुढे नळ्या किरकोळ ठरतात.

याचा धडधडीत पुरावा १९३३ सालचा आहे. फ्रान्सिस फोर हा फ्रेंच स्वार तेव्हाच्या अव्वल खेळाडूंत मोडत नव्हता. पण शार्ल मोशे यांनी बनवलेल्या, पाठीवर रेलून चालवायच्या सायकलीवर त्याने पॅरिसमध्ये एका तासात ४५.०५५ किमी अंतर कापले आणि स्विस स्वार ऑस्कर एगचा १९१४ पासून टिकलेला ४४.२४७ किमीचा विक्रम मागे टाकला. बदलली होती ती फक्त बसण्याची ढब. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघाने १९३४ साली नियम करून अशा सायकलींना विक्रमांच्या यादीतून बाहेर काढले. पुढे १९९३ साली ग्रॅम ओब्री या स्कॉटिश स्वाराने स्वतः बांधलेल्या सायकलीवर हात छातीखाली दुमडून ५१.५९६ किमीचा तासाचा विक्रम केला. त्या सायकलीत कपडे धुण्याच्या यंत्रातले बेअरिंग वापरलेले होते, ही गोष्ट सायकलप्रेमी आजही कौतुकाने सांगतात. ती ढबही पुढच्याच वर्षी बंद करण्यात आली. १९८९ सालच्या टूर द फ्रान्स शर्यतीचा शेवटचा दिवस तर सायकलप्रेमींत प्रसिद्ध आहे : अमेरिकन स्वार ग्रेग लेमाँड ५० सेकंदांनी मागे होता, २४.५ किमीची वेळ-शर्यत, म्हणजे एकेकट्याने घड्याळाविरुद्ध धावायची फेरी, उरली होती. त्याने हात जवळ आणणारा पुढे निघालेला हँडलबार आणि मागे निमुळते होत जाणारे हेल्मेट वापरले. आघाडीवर असलेला फ्रेंच स्वार लॉरां फिन्यों उघड्या डोक्याने, केस मागे बांधून उतरला. तीन आठवड्यांची शर्यत लेमाँडने ८ सेकंदांनी जिंकली. तेवढ्या फरकाला निव्वळ हँडलबार पुरेसा होता, असे मानणारे पुष्कळ आहेत, आणि हिशोब त्यांच्या बाजूने आहे.

नेहमीच्या स्वाराला यातून घेण्यासारखे आहे ते असे. वर धरलेल्या हिशोबात स्वार आणि सायकल मिळून हवेला अडवणारे क्षेत्रफळ (समोरून दिसणारा पसारा गुणिले आकाराचा रोध-गुणांक) ०.३२ चौ. मीटर होते. कोपर जरा वाकवून, हँडलबार थोडा खाली किंवा थोडा अरुंद घेऊन ते ०.२९ वर आले, तर ताशी ३६ किमीला सुमारे १८ वॅट वाचतात. एखादी नवी सायकल घेतल्या घेतल्या वेगवान वाटते, तिचे गुपित कित्येकदा एवढेच असते : सॅडलपासून हँडलबारचे अंतर आणि उंची अशी जमून आली की स्वार नकळत अंग चोरून बसतो. उलट फार खाली वाकवणारी सायकल कागदावर वेगवान असली, तरी पाऊण तासाने मान आखडून स्वार ताठ होत असेल तर ती हळूच म्हणायची. ज्या ढबीत दोन तास निभावता येते तीच खरी वेगवान ढब. जाकिटाचा फडफडणारा घोळही किरकोळ नाही. तो एखाद्या महागड्या फ्रेमचा सगळा फायदा गिळून टाकू शकतो.

सायकलीच्या घडणीतूनही काही मिळते, ते नाकारण्याचे कारण नाही. वुनिबाल्ड काम या जर्मन अभियंत्याने १९३० च्या दशकात मोटारींसाठी अभ्यासलेला, शेपूट कापलेल्या थेंबासारखा आकार आज बहुतेक वेगवान फ्रेमच्या नळ्यांना दिलेला असतो. केबल आत दडवलेल्या असतात. खोल रिममागे (रिम म्हणजे टायर बसतो ती चाकाची कड, इथे आसाच्या दिशेने उंच केलेली) हवा सुटताना भोवरे कमी होतात आणि तिरपा वारा असला तर शिडासारखी थोडी मदतही होते. पण त्यासाठी रिम टायरपेक्षा किंचित रुंद हवी. प्रचलित ठोकताळा असा, की रिमची रुंदी टायरच्या किमान १०५ टक्के असावी. अरुंद खोल रिमवर फुगीर टायर बसवला, की रिमच्या आकाराचा बराचसा उपयोग संपतो.

टायर

सायकलीचा एकच भाग बदलून स्वभाव पालटायचा असेल, तर तो टायर. जॉन बॉइड डनलॉपने १८८८ मध्ये हवा भरलेला टायर आणला. पुढच्याच वर्षी, मे १८८९ मध्ये, बेलफास्टच्या शर्यतींत विली ह्यूमने तो लावून भाग घेतला आणि भरीव रबरी चाकांवरच्या प्रतिस्पर्ध्यांना चारही शर्यतींत हरवले. ह्यूम त्याआधी काही गाजलेला स्वार नव्हता.

टायर जमिनीला टेकतो तिथे चपटा होतो आणि सुटताच पुन्हा गोल होतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात, टायरच्या प्रत्येक बोटभर भागाला हे करावे लागते. रबर आणि आतले कापड दबताना जेवढी ऊर्जा घेतात, तेवढी उमलताना परत देत नाहीत. राहिलेली ऊर्जा उष्णता होऊन जाते. टायरचा रोध म्हणतात तो मुख्यतः हाच. म्हणून टायर जितका पातळ आणि लवचिक, तितका वेगवान. दोन न बसवलेले टायर हातात घेऊन बाजूची भिंत अंगठा आणि बोटात चिमटून पाहावी. एक धुतलेल्या सुती कापडासारखी दुमडते, दुसरी पुठ्ठ्यासारखी अडते. पुठ्ठ्यासारखी अडणारी टिकाऊ असते, पंक्चर कमी होते, आणि प्रत्येक फेऱ्यात थोडा जोर खाते. तिला वाईट म्हणता येणार नाही, कारण तिचे काम वेगळे आहे.

आकड्यांत बोलायचे तर चांगल्या शर्यतीच्या टायरचा रोध-गुणांक, म्हणजे रोधाचे भाराशी प्रमाण, ०.००३ च्या आसपास असतो, जाड सरावाच्या टायरचा ०.००६ किंवा अधिक. ८० किलोला ताशी ३० किमी वेगात हा फरक सुमारे २० वॅटचा. नवीन फ्रेम घेऊन इतका फायदा क्वचितच होतो. आत नेहमीच्या ब्युटाइल ट्यूबऐवजी लॅटेक्सची ट्यूब घातली तर आणखी काही वॅट वाचतात, फक्त ती हवा सोडते, म्हणून जवळपास रोज भरावी लागते.

आता हवेच्या दाबाबद्दल, कारण वेगाचा सर्वांत मोठा भास इथेच जन्म घेतो. दगडासारखा कडक टायर वेगवान, ही समजूत कित्येक पिढ्यांची आहे. गुळगुळीत लोखंडी पिंपावर फिरवून मोजले तर ती खरीही ठरते. दाब वाढेल तसा रोध कमी होत जातो. रस्ता मात्र पिंप नव्हे. खडी वर आलेल्या डांबरावर फार कडक टायर लहान लहान उंचवटे गिळत नाही, त्यांच्यावरून उडतो. प्रत्येक उडीत स्वार आणि सायकल कणभर वर उचलली जाते, आणि ती ऊर्जा स्वाराच्या स्नायूंत, पोटात, मांड्यांत थरथरून विरते. एका मर्यादेनंतर दाब वाढवला की सायकल हळू होऊ लागते. पण हाताला काय जाणवते? हँडलबारमधून बारीक, झपाट्याची गुणगुण येते आणि मेंदू तिला वेग समजतो. दाब कमी केला की गुणगुण थांबते, सगळे शांत होते, आणि स्वाराला वाटते की सायकल मंदावली. घड्याळ मात्र तेवढीच वेळ दाखवते, पुष्कळदा कमी. या जागी घड्याळावर विश्वास ठेवणे जिवावर येते, इतका तो भास पक्का असतो.

याच कारणाने २३ मिमीच्या टायरची जागा आता २८, ३० आणि ३२ मिमीच्या टायरांनी घेतली आहे. सारख्याच दाबाला रुंद टायर जमिनीवर आखूड आणि रुंद टेकतो, त्यामुळे कमी दबतो. शिवाय त्यात दाब कमी ठेवता येतो. रुंद टायर जड आणि हळू, हे जुने मत लवचिक भिंतींच्या रुंद टायरने खोटे पाडले आहे. सुरुवात कुठून करावी, तर सायकलींवर लिहिणारे फ्रँक बर्टो यांचा ठोकताळा अजून उपयोगी आहे : स्वार बसल्यावर टायर आपल्या उंचीच्या १५ टक्के दबावा.

वजन

वजनाला सपाटीवर मिळतो तेवढा मान मिळू नये आणि चढावर मिळतो तो जरूर मिळावा. ६ टक्के चढाचा १० किमी रस्ता २०० वॅटने चढायला स्वार आणि सायकल मिळून ७८ किलोला पाऊण तासाला थोडा कमी वेळ लागतो. त्यात १ किलो वाढला तर साधारण अर्धे मिनिट वाढते. शर्यतीत अर्धे मिनिट पुष्कळ असते. सपाटीवर त्याच किलोचा मागमूसही लागत नाही. शर्यतीच्या सायकलीला किमान ६.८ किलोची मर्यादा नियमाने घातलेली आहे.

हलक्या चाकांची कीर्ती मोठी आहे. रिमवरचे वजन वेग घेताना दुप्पट भासते हे खरे, कारण ते पुढेही जाते आणि फिरतेही. पण रिम २०० ग्रॅमने हलक्या केल्या तर तो फायदा ४०० ग्रॅम इतका, आणि एकूण ८० किलोत ४०० ग्रॅम म्हणजे अर्धा टक्का. एकदा वेग घेतला की तोही उरत नाही. तरीही उभे राहून पॅडल मारताना सायकल डावी-उजवीकडे झटकन झुलते, वळताना हलके चाक लवकर झुकते, आणि ते सुख खरेच असते. त्याला वेग म्हणू नये, एवढेच.

फ्रेमचा स्वभाव

‘ताठ फ्रेम जोर वाया घालवत नाही’ हे वाक्य विक्रीच्या बोलण्यात नेहमी येते. पॅडल दाबल्यावर फ्रेम किंचित वाकते, पण स्प्रिंग जशी घेतलेली ऊर्जा परत देते तशी फ्रेमही बरीचशी परत देते. उलट, पातळ नळ्यांची फ्रेम स्वाराच्या तालाशी जुळून लवली तर त्याला जास्त जोर लावता येतो, असे सायकलींवर लिहिणारे यान हाइन यांचे म्हणणे आहे आणि त्याला त्यांनी ‘प्लेनिंग’ असे नाव दिले. ते सर्वमान्य झालेले नाही. पण ताठपणा म्हणजेच वेग हे समीकरणही सिद्ध झालेले नाही.

भासाचा बराच भाग भूमितीत आहे. दोन चाकांमधले अंतर कमी, पुढचा फोर्क उभा, ‘ट्रेल’ (हँडलबार ज्या आसाभोवती वळतो त्याच्या रेषेमागे पुढचे चाक जमिनीला जितके टेकते ते अंतर) कमी असली, की हँडलबारला नुसता स्पर्श केला तरी सायकल वळते. ही चपळाई वेगासारखी वाटते. लांब पल्ल्यासाठी केलेली, शांतपणे सरळ जाणारी सायकल तेवढ्याच वेगात आळशी भासते. खोल कार्बन रिमचा घुमणारा आवाज आणि मागच्या हबची (चाकाच्या मधल्या भागाची) करकर याही आपापली भर घालतात.

चेन आणि बारीकसारीक

१९९९ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात चेनची मोजणी झाली तेव्हा कार्यक्षमता ९८.६ टक्क्यांपर्यंत आढळली, आणि मोठ्या दातेरी चक्रांवर ती लहानांपेक्षा चांगली निघाली. लहान चक्रावर चेनच्या प्रत्येक कडीला जास्त वाकावे लागते, हे त्यामागचे कारण. धुळीने आणि जुन्या तेलाने काळी पडलेली चेन काही वॅट खाते, मेणात बुडवलेली स्वच्छ चेन ते वाचवते. ओढावी लागणाऱ्या सायकलीत कधी कधी नुसते ब्रेकचे पॅड रिमला घासत असते, म्हणून आधी चाक उचलून मोकळे फिरवून पाहावे.

कसे ओळखावे

एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, पॉवर मीटर (पॅडलवरची शक्ती वॅटमध्ये मोजणारे उपकरण) लावून तीच शक्ती ठेवून जा-ये करणे ही घरच्या घरी होणारी चांगली कसोटी. वेगवेगळ्या दिवसांची तुलना फसवते : १० अंशांपेक्षा ३० अंशांना हवा सुमारे ७ टक्के विरळ असते, आणि गरम टायरही जास्त सहज दबतो. उन्हाळ्यात घेतलेली सायकल म्हणूनच हिवाळ्यात घेतलेल्या सायकलीपेक्षा वेगवान भासते.

पॉवर मीटर नसेल तर दोन सायकलींची चाके टायरांसकट अदलाबदल करावी, दोन्हींत दाब सारखा भरावा आणि एकाच उतारावर एकाच ढबीत, पॅडल न मारता सोडून पाहावे. पळणारी सायकल ओढावी लागली आणि ओढावी लागणारी पळू लागली, तर फरक चाकांत, बहुधा टायरांत, होता. तसे झाले नाही, तर दोन्हींच्या सॅडलच्या टोकापासून हँडलबारपर्यंतचे अंतर आणि हँडलबारची जमिनीपासूनची उंची टेपने मोजावी. फ्रेमची पाळी त्यानंतर येते.