गर्भाशयमुखाचा कर्करोग : प्रतिबंध व उपचार (सोलापूर जिल्हा)

गर्भाशयाचा खालचा, योनीत उघडणारा अरुंद भाग म्हणजे गर्भाशयमुख. तेथे होणाऱ्या कर्करोगाला बोलताना ‘पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर’ असे म्हटले जाते. भारतीय स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाखालोखाल हाच आढळतो. २०२२ साली देशात त्याचे अंदाजे १,२७,००० नवे रुग्ण झाले आणि सुमारे ८०,००० स्त्रिया दगावल्या. हा रोग टाळण्यासाठी आज जगभर दिल्या जाणाऱ्या सल्ल्यातील दोन मुद्द्यांमागे, म्हणजे रोगाच्या विषाणूची चाचणी आणि त्यावरील लसीचा एकच डोस यांमागे, सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचे काम आहे. जिल्ह्यातही ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते.

या रोगाचे कारण ह्यूमन पॅपिलोमा विषाणू, म्हणजेच एचपीव्ही. तो शरीरसंबंधातून पसरतो आणि इतका सर्रास आढळतो की बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी त्याची लागण होतेच. त्यामुळे तपासणीत तो सापडला म्हणून कोणाच्या चारित्र्याची चर्चा करण्याला काही अर्थ नाही. दहातील नऊ जणींच्या शरीरातून तो दोनेक वर्षांत आपोआप नाहीसा होतो. उरलेल्यांमध्ये, विशेषतः १६ व १८ हे प्रकार ठाण मांडून बसले तर, पेशींची वाढ रोखणारी यंत्रणा हळूहळू निकामी होते. जगातील सुमारे ७० टक्के गर्भाशयमुख-कर्करोग या दोन प्रकारांमुळे होतात. लागण ते कर्करोग या प्रवासाला साधारण १५ ते २० वर्षे लागतात. एचआयव्हीवर उपचार न घेतलेल्या स्त्रीत तो ५ ते १० वर्षांतही पूर्ण होतो. मधल्या काळात काहीच दुखत नाही, आणि प्रतिबंधाला वाव असतो तो याच काळात. विषाणूचा व या कर्करोगाचा संबंध दाखवणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलात १९८७ साली कर्करोग नोंदणी सुरू झाली. ग्रामीण लोकसंख्येवर आधारलेली ही देशातील पहिली नोंदणी. बार्शीबरोबर शेजारच्या परांडा व भूम तालुक्यांतील गावेही तिच्यात होती. शहरात रुग्णालयांचे कागद गोळा करून नोंदणी चालते. इथे अनेक रुग्ण रुग्णालयापर्यंत पोचतच नव्हते. म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरले, लक्षणे समजावून सांगितली आणि संशयित रुग्णांना तपासणीसाठी बार्शीला आणले. मोजणी करता करता जागृतीही झाली, आणि रोग लवकरच्या अवस्थेत सापडण्याचे प्रमाण वाढले.

या पायावर १९९९ मध्ये शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात तपासणीच्या पद्धतींची तुलना करणारी एक मोठी चाचणी सुरू झाली. बार्शीचे रुग्णालय, मुंबईचे टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी ती मिळून केली. ५२ ग्रामसमूहांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट पाडले. एका गटाची एचपीव्ही चाचणी, दुसऱ्याची पॅप तपासणी (गर्भाशयमुखाच्या पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे), तिसऱ्याची व्हीआयए. चौथ्याला नेहमीचीच सेवा. व्हीआयएमध्ये गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक आम्ल लावून पांढरा डाग उमटतो का ते नुसत्या डोळ्यांनी पाहतात. तपासणी एकदाच झाली. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २००९ मध्ये निकाल आला : चौथ्या गटात या रोगाने ६४ मृत्यू, एचपीव्ही गटात ३४. उरलेल्या दोन पद्धतींनी मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. चाचणीत विषाणू न सापडलेल्या स्त्रियांना पुढे कर्करोग होण्याचे प्रमाण लाखात ३.७ होते, पॅप व व्हीआयए निर्दोष आलेल्यांत ते अनुक्रमे १५.५ आणि १६. चौथ्या गटाची तपासणी न करण्यावर पुढे नैतिक आक्षेप घेतले गेले. ते गैरलागू म्हणता येत नाहीत.

व्हीआयए मात्र टाकाऊ ठरली नाही. मुंबईच्या वस्त्यांत ती ठरावीक अंतराने वारंवार केल्यावर मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. खर्च नगण्य आणि निकाल जागेवरच, म्हणून सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी तीच सांगितली आहे.

दुसरा पुरावा एचपीव्हीविरोधी लसीचा, आणि तो अपघाताने हाती आला. २००९ मध्ये बार्शीसह देशातील नऊ केंद्रांवर मुलींना लसीचे दोन की तीन डोस द्यावेत याचा अभ्यास सुरू झाला. आंध्र प्रदेश व गुजरातमधील एका वेगळ्या प्रकल्पात काही मुलींच्या मृत्यूंवरून वादंग उठले, आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने सगळीकडचे लसीकरण थांबवले. ते मृत्यू लसीमुळे झाल्याचे चौकशीत दिसले नाही. पण तोवर हजारो मुलींना एकच डोस मिळाला होता. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार १६ व १८ प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या लागणीपासून एका डोसने ९५.४ टक्के संरक्षण मिळाले, म्हणजे दोन-तीन डोसांइतकेच. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ९ ते २० वयासाठी एक डोस हा पर्याय मान्य केला, त्यामागे हा अभ्यासही होता. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ या एचपीव्ही लसीला २०२२ मध्येच परवानगी मिळाली. लस झालेली लागण बरी करत नाही, म्हणून ती शरीरसंबंध सुरू होण्याआधी द्यायची. आणि ती घेतलेल्या मुलीनेही तिशीनंतर तपासणी करायचीच.

कर्करोगपूर्व बदल सापडले तर तो भाग गोठवून, उष्णतेने जाळून किंवा विजेच्या तारेच्या फासाने (लीप) काढून टाकतात. त्यासाठी पिशवी काढावी लागत नाही. हे मुद्दाम सांगायचे कारण, अंगावरून पांढरे जाते म्हणून ‘पुढे कॅन्सर होईल’ अशी भीती घालून तरुण बायकांची पिशवी काढल्याच्या तक्रारी मराठवाड्यात झाल्या आहेत. बीडमधील ऊसतोड कामगार स्त्रियांबाबत २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पांढरे जाण्याचे कारण बहुधा साधा जंतुसंसर्ग असतो. संबंधानंतर किंवा पाळी कायमची गेल्यावर रक्त जाणे, घाण वासाचा लालसर स्राव होणे, ही लक्षणे मात्र अंगावर काढू नयेत.

प्रत्यक्ष कर्करोग लहान असेल तर शस्त्रक्रिया पुरते. वाढलेला असेल तर सुमारे पाच आठवडे बाहेरून किरणोपचार, सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे कर्करोगाचे औषध, आणि नंतर किरणोत्सर्गी स्रोत योनीमार्गे आत ठेवून ब्रॅकीथेरपी. हे सारे आठ आठवड्यांच्या आत संपवायचे असते. लांबण लागली की रोग परतण्याची शक्यता वाढते. सुगी, घरचे लग्न किंवा एसटीच्या भाड्यापायी मधले आठवडे गाळणे म्हणूनच महागात पडते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. उपचारानंतर पहिली दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणीला जावे लागते.